खोक्यातून काढला तसा

दाजी, तुम्ही हरलात.

हे आधीच सांगून टाकतो. पुढचं लिहिताना माझा सूर बदलेल, डोळ्यांत पाणी वगैरे येईल, आणि मग एवढी एक गोष्ट खणखणीतपणे सांगायची राहून जाईल. बाजारातला स्वस्त लोखंडी रंधा खोक्यातून काढला तसा चालत नाही. मी हे वर्षानुवर्षं सांगत आलो. तुम्ही वर्षानुवर्षं मिशीवरून बोट फिरवत "चालतोय की पावणं" म्हणत आलात. आता पुरावा माझ्या हातात आहे, आणि तो बघून चिडायला तुम्ही नाही. जिंकण्यातली सगळी मजा तुम्ही बरोबर घेऊन गेलात, हे काही बरं केलं नाहीत.

तुमचं तेरावं झालं. माणसं चांगलं बोलली. कुणी म्हणालं देवमाणूस होता, कुणी म्हणालं जन्मात कुणाशी भांडला नाही. मी भिंतीला टेकून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, मग दर रविवारी सकाळी माझ्या वर्कशॉपमध्ये येऊन घसा कोरडा करणारा तो कोण होता? बायकोच्या भावाशी केलेलं भांडण बहुतेक भांडणात धरत नसावेत. मलाही ते कधी भांडण वाटलं नाही. आता रविवार मोकळा पडल्यावर कळतंय, की अख्खा आठवडा मी त्या सकाळची वाट बघत काढायचो.

म्हटलं तर तुमचं काम आणि माझं काम, दोन्ही लाकडाचंच. मी कळंब्याच्या रस्त्यावर कपाटं, पलंग, दारं करणारा सुतार. तुम्ही उद्यमनगरातल्या एका फौंड्रीतले पॅटर्नमेकर. पंपाचा एखादा भाग ओतायचा तर आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना लागतो. वाळूत त्याचा ठसा घेतात आणि त्यात लोखंडाचा रस ओततात. तो नमुना तुमच्या हातचा. ओतलेलं लोखंड निवताना आकसतं, म्हणून तुमच्या मोजपट्टीवरचा इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित मोठा. हे मला काय ठाऊक? अक्काचं लग्न नुकतंच झालेलं, तुम्ही आमच्या मुरगूडच्या घरी आलात आणि तुमची पट्टी विसरून गेलात. मी एका गिऱ्हाइकाचं कपाट माझ्या पट्टीनं केलं आणि त्याचे ड्रॉवर तुमच्या पट्टीनं. एकही ड्रॉवर आत जाईना. तुम्हाला कळलं तेव्हा पोट धरून हसलात. "पावणं, ती पट्टी गार हुणाऱ्या मालाची हाय. तुमचं कपाट काय गार हुणार हाय?"

तेव्हापासून मी तुम्हाला ओळखून होतो. तुमचं माप नेहमी जरासं मोठं असायचं. वस्तूचं असो, माणसाचं असो, पुढं थोडं आकसणारच हे धरून तुम्ही आधीच जास्त द्यायचात. पाहुण्याच्या ताटातही तसंच वाढायचात, आणि अक्काच्या शिव्या खायचात.

आपल्या 'कुस्त्या' सुरू झाल्या त्याही तुमच्यामुळे. नाव तुमचंच. बाजारात कुठलाही नवा स्वस्त रंधा दिसला की तुम्ही तो घेऊन रविवारी हजर. कुरुंदवाडला तुमच्या शेताच्या बांधाला एका पुरात बाभळीचं खोड वाहत येऊन अडकलं होतं. त्याची फळी तुम्ही कापून आणलीत आणि माझ्या बाकाला कायमची ठोकलीत. गाठींनी भरलेली, रेषा कधी इकडे वळणारी तर कधी तिकडे. "सागवानावर कुणीबी नाचंल," तुम्ही म्हणायचात. "बाभळीवर चालला तर खरा."

नियम एकच. पात्याला धार लावायची, तेवढीच मुभा, कारण नवं पातं धार लावल्याशिवाय कुणाचंच कापत नाही. तळ घासायचा नाही, कानस लावायची नाही, कुठं काही सारायचं नाही. खोक्यातून काढला तसा बाभळीवर. पंच अक्का. माझी बहीण आणि तुमची बायको, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखीच तिखट. रंध्यातून निघालेला पापुद्रा तिच्यासमोरच्या पेपरावर पसरायचा, तिनं चष्मा लावायचा, आणि पापुद्र्यातून खालचं अक्षर वाचायचं. मोठा मथळा वाचता आला तर रंधा पास. बारीक छपाई वाचता आली तर मैदान मारलं.

किती आले आणि किती गेले. एकाचं पातं वरखाली करायचं चाक अर्धा फेरा फिरवलं तरी पातं जागचं हलायचं नाही. एकाचं पातं इतकं मऊ की पहिल्याच गाठीवर धार दुमडली. एकाची वरची पट्टी पात्याला नीट टेकत नव्हती, त्या फटीत पापुद्रे अडकून रंध्याचं तोंड तुंबायचं. पण बहुतेकांचं दुखणं एकच, तळ. वरून चकचकीत, आणि तळाला मोजपट्टी लावून खिडकीकडे धरलं की मधून उजेड. कारणही तुम्हीच समजावून सांगायचात. "वतलेला माल पडू द्यावा लागतोय उन्हापावसात. त्याचं अंग मुरल्यावर मशिनला लावायचं. ह्यास्नी दम कुठला? आज वतला, उद्या घासला, परवा खोक्यात. मग खोक्यात बसल्या बसल्या ते वाकडं हुतंय." एवढं सगळं कळत असून बाजू मात्र त्याच रंध्यांची घ्यायची!

तुमचं म्हणणं असं, की माणसानं परवडेल तो रंधा घ्यावा आणि वापरत वापरत सुधारावा. "रंधा बी शिकतोय, माणूस बी शिकतोय." मी म्हणायचो, ते तुमच्या-माझ्यासारख्या हात बसलेल्या माणसांना ठीक आहे. नवख्या माणसाला कळत नाही की चूक रंध्याची आहे की आपली. तो आपल्या हातालाच दोष देतो, रंधा ठेवून देतो आणि परत वाटेला जात नाही.

आणि याचा दाखला तुमच्या घरातच होता. अक्काला स्वतःच्या हातानं बसायचा एक पाट करायचा होता. कुस्तीत पडलेला एक रंधा तुम्ही तिच्या हातात दिलात. तो फळीवर थडथडला, त्यानं उड्या मारल्या, लाकडावर ओरखडे उठले. अक्कानं थोडा वेळ खटपट केली, मग रंधा खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "माझ्या हातात न्हाय ते." तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. मी तुमच्यावर तडकलो. "दाजी, तिच्या हातात कायबी खोट न्हाय. खोट तुमच्या रंध्यात हाय." तुम्ही हसण्यावारी नेलंत. पण त्या दिवशी कपातला चहा तसाच ठेवून उठलात, हे मी बघितलं होतं. तो विषय आपण नंतर शंभरदा काढला, फक्त अक्काचं नाव त्यात परत आलं नाही.

यंदा मी रविवारचा वर्ग काढायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांत जास्त उड्या तुम्ही मारल्यात. हौसेनं सुतारकाम शिकणारी माणसं हल्ली भेटतात. नाव नोंदवायला एक दातांची डॉक्टर आली, एक निवृत्त पोस्टमन आला, घरी बसून कॉम्प्युटरवर काम करणारे दोघं आले. अक्काचं नाव तुम्ही घातलंत, तिला न विचारता. ती म्हणाली, "मी येऊन काय करू? भुसा झाडू?" तुम्ही म्हणालात, "ये तर."

मग आलाच प्रश्न. वर्गाला रंधा कुठला घ्यायचा? माझ्या मनात मधल्या किमतीचा एक होता, खोक्यातून काढून धार लावली की चालणारा. तुमचा आग्रह बाजारातल्या सगळ्यांत स्वस्ताचा. "म्हागाचा हातात दिला, तर घरी गेल्यावर ती माणसं काय करतील? हितं चालवायचा आणि घरी नुसतं बघत बसायचं? त्यास्नी घेता ईल त्याच्यावर शिकवा की." यात तथ्य होतं, ते मी कबूल केलं नाही. कुस्ती लावायची ठरली. जिंकेल तो रंधा वर्गाला.

ती सकाळ मला पुन्हा पुन्हा दिसते. माझा रंधा आधी चालवला. पापुद्रा बरा निघाला, अक्कानं मथळा वाचला. मग तुम्ही खोकं उघडलंत, रंधा हातात घेतलात, बाभळीवर टेकवलात. मी थडथड ऐकायला कान लावून बसलेलो. थडथड नाहीच. या टोकापासून त्या टोकापर्यंत सुर्रर्र करून गेला, गाठीवरूनसुद्धा. पापुद्रा लांबलचक, अखंड, फुंकर मारली तर उडेल असा. अक्कानं तो पेपरावर पसरला आणि वाचायला लागली. "गवार. ढबू मिरची. कोथिंबीर पेंडी." बाजारभावाची बारीक छपाई! तुम्ही मिशीवरून बोट फिरवलंत आणि म्हणालात, "खोक्यातनं काढला तसा, पावणं." मी अक्काकडे बघितलं. ती पेपरातून मान वर काढेना. त्या दिवशी मला वाटलं, भाज्यांचे भाव वाढलेत म्हणून बघत असेल.

मी हार मानली. जाहीरपणे, चहा पाजून. तसलेच रंधे वर्गासाठी मागवले. ते यायच्या आधी तुम्ही गेलात.

त्याबद्दल लिहीत नाही. ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि तुम्हाला त्यात सांगण्यासारखं काही नाही.

तेराव्यानंतर वर्कशॉप उघडलं. वर्गाचा दिवस जवळ आला होता. मी एक खोकं फोडलं, पात्याला धार लावली, रंधा बाभळीवर ठेवला. थडथडला. पातं थोडं वर घेतलं. कापेचना. थोडं खाली घेतलं. गाठीवर आपटला आणि ढलपी उडाली. दुसरा घेतला, तेच. तिसराही तसाच. दाजी, तुम्हाला सांगतो, त्या सकाळी मला खरंच वाटलं की माझा हात गेला. याच फळीवर, याच जातीचा रंधा तुम्ही लोण्यावरून चालवावा तसा चालवला होता, आणि मला तो धड ढकलता येत नाही? वाटलं, तुम्ही गेल्याचा धक्का हातात उतरला असेल. लहानपणापासून जे करत आलो ते आता जमत नसेल तर मी लोकांना काय शिकवणार? बाहेर येऊन पायरीवर बसलो. वर्ग रद्द करायचा, असं जवळजवळ ठरवलंच होतं.

मग आठवलं, तुमचा तो जिंकलेला रंधा बाकाखालीच आहे. म्हटलं, त्याला एकदा हात लावू आणि मग काय ते ठरवू. लावला. सुर्रर्र.

हात तोच. फळी तीच. पापुद्रा असा निघाला की माझ्या मनगटावरचे केस त्यातून दिसत होते. मी उभ्या उभ्या हसलो. इतकी वर्षं मी छातीठोकपणे सांगत आलो होतो, की नवखा माणूस रंध्याचा दोष आपल्या हाताच्या माथी मारतो. आणि रंधा धरून माझे केस पांढरे झाले, तरी मी तेच करून पायरीवर जाऊन बसलो होतो.

तुमच्या रंध्याच्या तळाला पट्टी लावली आणि खिडकीकडे धरली. उजेडाची रेघसुद्धा नाही. पुढचं टोक, तोंडाच्या दोन्ही बाजू, मागचं टोक, सगळं एका पातळीत. असा तळ त्या रंध्याला जन्मजात असणं शक्यच नाही. मग चष्मा लावून नीट बघितलं. मशिनच्या सरळ रेघा गायब होत्या. त्यांच्या जागी तिरके, बारीक, दाट ओरखडे. पॉलिश पेपरचे. हातानं घासलेले. एका बाजूला जरा जास्त, कारण तुमचा उजवा हात नेहमी जोर धरायचा.

म्हणजे तुम्ही लबाडी केली होतीत! नियम तुमचा, कुस्ती तुमची, आणि लबाडीही तुमचीच!

तो रंधा घेऊन तडक तुमच्या घरी आलो. अक्का स्वयंपाकघरात होती. मी रंधा उलटा करून तिच्यासमोर धरला.

"अक्का, ह्यो तळ बघ. दाजींनी घासलाय ह्यो."

ती जराही दचकली नाही. "आत्ता कळलं व्हय तुला, सदा?"

"म्हंजे? तुला म्हाईत हुतं?"

"म्हाईत हुतं काय म्हणतोस? ह्या वट्यावर घासलाय." तिनं ग्रॅनाइटच्या ओट्यावर हात आपटला. "घरात सपाट एवढंच हाय म्हणाले. पाणी लावून पेपर चिकटवलता आन् घासत बसलेले. भाकरी थापायला जागा न्हाय, सगळा वटा काळा. पुसून पुसून माझा हात मोडला."

"आणि तू पंच! बाजारभाव वाचत बसलीस!"

"अक्षर दिसलं ते वाचलं. त्यात खोटं काय हाय?" तिनं ओट्यावरून परत हात फिरवला. मग म्हणाली, "मी म्हटलं हुतं त्यास्नी. अहो, नियम मोडाय लागलाय तुम्ही, सदाला कळलं तर डोक्यावर घर घ्यायचा. तर म्हणाले, नियम त्याचा आन् माझा हाय. रंधा तुझ्यासाठी हाय."

ओट्याला धरून मी तिथंच उभा राहिलो. अक्कानं माझ्याकडे पाठ केली आणि आधीच घासलेली भांडी परत घासायला घेतली.

तर दाजी, असे हरलात तुम्ही. तुम्हाला माझं म्हणणं पटलं होतं. नवख्याच्या हातात थडथडणारा रंधा द्यायचा नाही, हे त्या चहाच्या कपापाशीच पटलं असणार. पण तोंडानं कबूल कराल तर तुम्ही कसले? मेहुण्यापुढं "तुझं बरोबर" म्हणण्यापेक्षा अंगठे सोलून निघेपर्यंत लोखंड घासणं तुम्हाला सोपं गेलं. मला याचा राग यायला हवा होता. राग आला नाही. तुमच्यावर माझा किती जीव होता हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण आपल्यात तसं बोलायची पद्धत नव्हती. आता सांगतोय. तुम्हीही मला कधी सांगितलं नाहीत. त्या तिरक्या ओरखड्यांकडे बघताना वाटलं, तुमच्याकडून एवढं ऐकलं तरी खूप झालं.

पण पूर्ण हार मी तुमच्या पदरात टाकत नाही. वर्गाला रंधा कुठला, या प्रश्नात तुम्ही जिंकलात. घेता येईल असाच रंधा शिकवायचा, हे तुमचं बरोबर होतं. खोक्यातून काढला तसा तो चालत नाही, हे माझं बरोबर होतं. मधलं काम कुणीतरी करायचं असतं आणि त्याबद्दल गप्प बसायचं असतं, एवढंच आपण दोघांनी बोलून ठरवलं नव्हतं. तुम्ही ते करून मोकळे झालात.

मी सगळी खोकी उचलून तुमच्याकडे आणली. ओट्यावर पाणी शिंपडलं, पॉलिश पेपर चिकटवला. अक्का दारात उभी राहून म्हणाली, "आता तू बी?" मग स्वतःच जाऊन जुन्या लुगड्याचं धडपं घेऊन आली. मी घासत होतो, ती काळं पाणी पुसत होती, आणि अधूनमधून एखादा रंधा उचलून खिडकीकडे धरून बघत होती. "ह्येच्या मागच्या टोकाला उजेड हाय अजून," असं म्हणाली, तेव्हा मी बघितलं तर खरंच होता. पात्यांवर बसणाऱ्या पट्ट्या टेकवून घेतल्या, मुठींच्या टोचणाऱ्या कडा मोडल्या. काम झाल्यावर प्रत्येक रंधा परत तेलाच्या कागदात गुंडाळून खोक्यात घातला. खोकी होती तशी बंद केली. हे कुणी सांगितलं नव्हतं, आम्ही दोघांनी न बोलताच केलं.

काल वर्गाचा पहिला रविवार झाला.

माणसांनी आपापली खोकी उघडली. मी आधी सागवानाचे तुकडे दिले, बाभळीला अजून वेळ आहे. रंधा कसा धरायचा, सुरुवातीला जोर पुढच्या हातावर आणि शेवटी मागच्या हातावर कसा द्यायचा, तेवढं दाखवलं. दातांच्या डॉक्टरनं घाबरत घाबरत रंधा ढकलला आणि तिच्या रंध्यातून एक कुरळा पापुद्रा वर आला. तिला स्वतःलाच खरं वाटेना. तो पापुद्रा बोटावर घेऊन तिनं विचारलं, "सर, एवढ्या स्वस्तातला रंधा खोक्यातून असाच निघतो?"

मी तोंड उघडायच्या आत पलीकडच्या बाकावरून उत्तर आलं.

"असाच निघतोय की. खोक्यातनं काढला तसा. मी पंच हाय हितली."

अक्का आली होती, दाजी. पदर खोचून, तुमचा रंधा घेऊन, पाटाची फळी बाकाला आवळून. पहिल्यांदा रंधा अडला. तिनं माझ्याकडे बघितलं. तिनं रंधा उचलून तळ बघितला, हात बघितला नाही. मग फळी फिरवून घेतली, रेषेच्या बाजूनं उभी राहिली, आणि पुन्हा ढकलला. सुर्रर्र. तोच आवाज.

तिनं तो पापुद्रा अलगद उचलला, कोपऱ्यातला पेपर पसरून त्यावर ठेवला आणि मला हाक मारली. "सदा, चष्मा लाव. आज तू वाच."

मी चष्मा लावला. वाकलो. अक्षरं काही दिसेनात. पापुद्रा पातळ होता, दाजी. रंध्यात खोट नव्हती, अक्काच्या हातात तर नव्हतीच.

"गवार," मी म्हणालो. "ढबू मिरची. कोथिंबीर पेंडी."

तिथं क्रिकेटची बातमी होती, हे मला नंतर दिसलं. अक्काला आधीच दिसलेलं होतं. ती पुढचा पापुद्रा काढायला लागली.